बिअरच्या डब्याचा पत्रा

जॉन सदरलँडच्या बीएमडब्ल्यू मोटरसायकलचं हँडल सैल झालंय. क्लॅम्प कितीही आवळला तरी हँडल घसरतंच. सोबतचा मित्र सांगतो, मध्ये पातळ पत्र्याची पट्टी घाल, घट्ट बसेल. अशी पट्टी आणायची कुठून, असं जॉन विचारतो. मित्र म्हणतो, बिअरच्या डब्यातून काप. जॉनचा चेहरा उतरतो. जर्मन कारागिरीचा नमुना असलेली गाडी आणि तिला दारूच्या डब्याचा तुकडा! हँडल तसंच सैल राहतं. पुढे मित्राला वाटतं, पट्टी गुपचूप कापायला हवी होती, वरची छपाई पुसून टाकायला हवी होती आणि खास जर्मनीहून मागवलेला शेवटचा नग म्हणून ती जॉनच्या हातावर ठेवायला हवी होती. जॉनने ती आनंदाने बसवली असती.

रॉबर्ट पर्सिगच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' या पुस्तकातला हा प्रसंग. १२१ प्रकाशकांनी नाकारल्यावर १९७४ साली ते छापून आलं. संगणकाची माहितीपुस्तकं लिहून पोट भरणारा हा लेखक १९६८च्या उन्हाळ्यात अकरा वर्षांच्या मुलाला, ख्रिसला मागे बसवून मिनेसोटाहून सॅन फ्रान्सिस्कोला गेला. गाडी होती ३०५ सीसीची होंडा सीबी ७७. आजच्या अर्थाने ती क्रूझर नव्हे, पण काम क्रूझरचंच: मागे माणूस, वर सामान, हमरस्ता सोडून आडवाटेने निवांत जाणं. ती गाडी आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पुस्तकाभोवती तत्त्वज्ञानाचं एवढं बोललं गेलंय, की त्यातली दुरुस्ती वाचायची राहूनच जाते. मला त्याचा खरा रस पाना-पकडीच्या पानांतच सापडतो.

सातारा ते सांगली या पट्ट्यात ते वाचताना एक गोष्ट लगेच टोचते. यंत्राकडे पाठ फिरवणारा जॉन इथे सहज भेटत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१०मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या बांधावर नेला. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून प्रिया स्कूटर बाहेर पडायची. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं तर मिस्त्री येईपर्यंत नोझल स्वतःच खोलून बघणारे लोक इथले. इथल्या खड्ड्यांच्या रस्त्यांवर ऊसगाड्यांच्या मागे महिनाभर क्रूझर चालवली की पुढचा कोनसेट वाजू लागतो. लांब-रुंद हँडलमुळे तो आधी मनगटाला कळतो, मग कानाला. बिअरच्या डब्याचा पत्रा ऐकून इथला मिस्त्री जॉनलाच हसेल. पत्र्याचं पॅकिंग तो रोज घालतो.

पण पर्सिगच्या वाक्यांकडे नीट पाहिलं तर तो जुगाडाची तरफदारी करत नाही. पत्रा का, याची कारणं तो देतो. अॅल्युमिनिअम मऊ असतं म्हणून दाबाखाली दोन्ही पृष्ठांना चिकटून बसतं, आणि ओल्या हवेतही ते गंजून खराब होत नाही. त्याच जागी सायकलच्या ट्यूबचं रबर घातलं तर हँडल आज घट्ट होईल आणि रबर दबलं की पुन्हा सैल. बाहेरून दोन्ही सारखेच जुगाड; एकाला कारण माहीत आहे, दुसऱ्याला नाही. त्या प्रसंगाचं सौंदर्य या फरकात आहे, आणि आपल्याकडच्या 'चालतंय की' या शब्दांवर तो फरक बरोबर बोट ठेवतो. बाकी जॉनही आता आपल्याकडे येऊ लागलाय. महागडी मीटिऑर क्रूझर घेतलेला तरुण पॅकिंगचं नाव काढताच म्हणतो, "शोरूमचाच पार्ट टाका, दुसरं काही नको."

दुसरा प्रसंग पावसाचा. आधीच्या एका सहलीत, मुसळधार पावसात गाडी बंद पडते. लेखक टाकी हलवतो, पेट्रोल हिंदकळल्याचं ऐकतो आणि तिकडचा विचार सोडून देतो. प्लग, पॉइंट, कार्बोरेटर सगळं बघून होतं. सहल तिथेच संपते. दोन आठवड्यांनी घरी कार्बोरेटर काढून बघताना कळतं की टाकी रिकामी होती. हिंदकळत होतं ते रिझर्व्हचं पेट्रोल. चावी फिरवायचीच राहिली होती. स्वतःची फजिती पर्सिग कोरड्या आवाजात सांगतो, म्हणूनच ती लक्षात राहते. मीटिऑरला आता रिझर्व्हची चावीच नाही, फक्त डॅशबोर्डवर इशारा येतो. ती चूक गाडीने काढून घेतली. एक ऐकलं की बाकीचं न बघण्याची खोड मात्र माणसाकडेच राहिली.

सांगलीत या प्रसंगाला वेगळंच वजन येतं. ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरल्यावर चिखलाने माखलेल्या गाड्या गॅरेजांपुढे आल्या, तेव्हा पहिला नियम होता: किक मारू नका, सेल्फ दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढायचा, इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर घालवायचं, दुधाळ झालेलं ऑइल काढायचं, फिल्टर बदलायचा, टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करायची, वायरिंगचे जोड सुकवायचे. स्टार्टरला हात सगळ्यात शेवटी. पर्सिगने हॉर्न आणि बॅटरीचं साधं उदाहरण घेऊन समजावलेली तर्काची पद्धत ती हीच: एका वेळी एकच शंका घ्यायची, ती तपासायची, मगच पुढची.

मिस्त्री लोकांवर मात्र तो कडक आहे. इंजिन पुन्हा पुन्हा जाम होतं म्हणून तो गाडी एका वर्कशॉपात देतो. तिथे रेडिओ मोठ्याने चाललेला, पोरांची मस्करी चाललेली. टॅपेटचं झाकण छिन्नी-हातोड्याने काढताना ते सिलिंडर हेडच्या पात्या तोडतात. शेवटी दोष निघतो ऑइलच्या मार्गातल्या पंचवीस सेंटच्या एका पिनमध्ये. ती तुटल्यामुळे जास्त वेगात हेडला ऑइल पोचत नव्हतं. राग रास्त आहे. तरी रेडिओवर तो अन्याय करतो. आपल्या गॅरेजांत गाणी चालूच असतात, आणि टॅपेट सेट करायची वेळ आली की तोच मिस्त्री मान न उचलता आवाज कमी करायला सांगतो.

जुन्या, बिडाच्या इंजिनाच्या ३५० बुलेटचं टॅपेट सेटिंग ज्याने बघितलंय त्याला हे पटेल. इंजिन थंड हवं, पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. मग झाकण उघडून पुशरॉड दोन बोटांत धरायचा. तो गोल फिरला पाहिजे, वर-खाली मात्र हलता कामा नये. फिलर गेज लागत नाही, बोटंच मापतात. नट आवळताना माप पुन्हा सरकतं, म्हणून पुन्हा बघायचं. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडी जराशी घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. तोच संयम इथे आहे. यूसीई इंजिनाच्या थंडरबर्डला हायड्रॉलिक टॅपेट आले आणि हे काम संपलं. सोय झाली, यात वाद नाही. बोटांचं शिक्षण तेवढं एका पिढीवर थांबलं.

याच शिक्षणावर पर्सिगने सव्विसाव्या प्रकरणात लिहिलंय. नट बोटाने बसेपर्यंत फिरवणं, मग जेमतेम घट्ट करणं, मग पुरता आवळणं या तीन पायऱ्यांमधलं अंतर धातूगणिक बदलतं. ते ज्याला कळत नाही तो आटे घालवून बसतो. चोविसावं प्रकरण तर एका जाम स्क्रूभोवती फिरतं. खाच झिजली, झाकण निघेना, की तो स्क्रू अख्ख्या गाडीच्या मोलाचा होतो. अशा वेळी आधीच्या समजुतीला चिकटून राहणाऱ्याला तो दक्षिण भारतातल्या माकडाच्या सापळ्याची गोष्ट सांगतो: नारळातला भात मुठीत धरला, आता मूठ बाहेर निघत नाही आणि भात सोडवत नाही.

पुस्तकाचा शेवटाकडचा भाग, ग्रीक तत्त्ववेत्त्यांशी चाललेला वाद, मला जड जातो. त्यापेक्षा हिरोशिमाही मायाच, असं ऐकून बनारसच्या वर्गातून उठून जाणारा विद्यार्थी दोन-चार ओळींतच जास्त सांगून जातो. ख्रिसचं दुखणं मात्र सगळ्या पानांखाली वाहत राहतं. बापाला इंजिनाचा बारीकसा आवाजही ऐकू येतो. मागे बसलेल्या पोराला समोर फक्त बापाची पाठ दिसते, हे कळायला बापाला अख्खा प्रवास लागतो.

सगळं पुस्तक एका दमात वाचायचा हट्ट नको. क्रूझर घेतली असेल तर चोविसावं आणि सव्विसावं ही दोन प्रकरणं आधी वाचा. मग एका रविवारी सीटखालचं टूलकिट काढा आणि कुठला पाना कुठल्या नटाला बसतो ते कोरड्या उन्हात बघून ठेवा. खंबाटकी घाटात पाऊस लागल्यावर ते बघता येत नाही.