खुनी नायक आणि अंगुलिमाल

आचऱ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवर जत्रेच्या रात्री दशावतारी खेळ उभा राहतो, तेव्हा आरंभीच्या आड-दशावतारात संकासुर येतो. काळा वेष, मालवणी बोली, हजरजबाबी विनोद. विष्णूच्या हातून तो मरणार हे प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही मनमुराद हशा त्याच्याच वाट्याला येतो. मारल्या जाणाऱ्यावर जीव लावण्याची सवय या मुलखातील प्रेक्षकाला अशी जुनी आहे. गेल्या दशकातील दूरचित्रवाणीने ती उलटी फिरविली. आता प्रेक्षकाचा जीव मारणाऱ्यावर जडतो.

सिंधुदुर्गातील आकेरी येथे चित्रित झालेली 'रात्रीस खेळ चाले' ही मालिका २०१६ मध्ये झी मराठीवर सुरू झाली. पहिल्या भागाचा प्रारंभच अण्णा नाईकांच्या मृत्यूने होतो. त्या भागात अण्णा म्हणजे एक ओझे आहे. त्यांच्या पापांचा हिशेब मागे उरलेले घर चुकवीत राहते. २०१९ मध्ये आलेला दुसरा भाग मात्र काळात मागे गेला आणि अण्णा हयात झाले. माधव अभ्यंकर यांच्या दमदार अभिनयामुळे लालसेपोटी माणसे मारणारा हा वाड्याचा धनी घरोघरी लाडका झाला. नटाचे कौशल्य निर्विवाद आहे. प्रश्न रचनेचा आहे. ज्याचे दुष्परिणाम आधी दाखविले, त्याचाच रुबाब नंतर दाखविला गेला.

२०२० मध्ये आलेली 'देवमाणूस' याच वाटेने पुढे गेली. सातारा जिल्ह्यात वाई परिसरात २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या हत्याकांडाची तिला पार्श्वभूमी आहे. किरण गायकवाड यांनी रंगविलेला तोतया डॉक्टर गावाच्या लेखी देवमाणूस आहे आणि त्या नावाच्या आडूनच तो खून करतो. 'अ किलर पॅराडॉक्स' (२०२४) या कोरियन मालिकेत तर त्याहून सूक्ष्म युक्ती आहे. एका सामान्य तरुणाच्या हातून माणूस मरतो आणि मेलेला स्वतःच खुनी होता असे निघते. असे पुन्हा पुन्हा घडते. योगायोगच न्यायाधीश होतो आणि प्रेक्षकाला हळहळण्याचे कारण उरत नाही.

या तिन्ही कथांपुढे मज्झिम निकायातील अंगुलिमाल सुत्त ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल. खुनी मनुष्य केंद्रस्थानी असलेली ही आपल्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध कथा होय. अट्ठकथेनुसार त्याचे मूळ नाव अहिंसक. म्हणजे येथेही 'देवमाणूस'प्रमाणे नाव एक आणि कृत्य दुसरे. परंतु साम्य येथेच संपते.

पहिली गोष्ट अशी की, तो खून का करू लागला याचे कारण सुत्त सांगत नाही. तक्षशिलेचा आचार्य, त्याने मागितलेली हजार बोटांची दक्षिणा, हे सारे अट्ठकथेतून आले आहे. सुत्त प्रारंभी सांगते ते एवढेच की त्याच्यामुळे गावे ओस पडली. पुढे राजवाड्याच्या दाराशी लोकांचा आक्रोश ऐकू येतो. मृतांची नावे सुत्तातही नाहीत, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांच्या मागे राहिलेला समाज कथेत सतत हजर आहे. आजच्या मालिका खुन्याच्या मनात खोल उतरतात आणि ओस पडलेले घर विसरतात.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रसूतिवेदनांनी तळमळणाऱ्या स्त्रीसाठी सत्यवचन उच्चारण्यास तथागत त्याला सांगतात : जन्मल्यापासून मी जाणूनबुजून जीव घेतलेला नाही, असे म्हण. अंगुलिमाल तत्काळ हरकत घेतो. हे तर खोटे ठरेल! तेव्हा तथागत वाक्य बदलतात आणि आर्य जन्म झाल्यापासून असे म्हणावयास सांगतात. जो आपला भूतकाळ पुसू देत नाही, त्याच्याच शब्दाने माता आणि बालक सुखरूप राहतात. पुढे भिक्षेस गेला असता लोकांनी फेकलेली ढेकळे, दांडकी, दगड त्याच्या अंगावर येतात. डोके फुटते, पात्र भंगते. हे सोसावयास तथागत त्याला सांगतात. परिवर्तन झाले म्हणून हिशेब माफ झाला नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' (१९५७) या ग्रंथात अंगुलिमालाची कथा पतित व गुन्हेगार यांच्या धम्मदीक्षेच्या प्रकरणात घेतली आणि अहिंसेचे विवेचन करताना मारण्याची गरज व मारण्याची इच्छा यांत भेद केला, हे येथे स्मरणीय आहे. कोरियन मालिकेची युक्ती नेमकी हा भेद पुसते. इच्छेने केलेली हत्या ती गरजेच्या वेषात उभी करते.

मराठीत याला उत्तर नाही असे नाही. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट' (२०१६) मधील मारेकरी माहेरची भेट घेऊन येतात, चहा घेतात आणि खून करतात. त्यांच्या मनात डोकावण्याची उत्सुकता दिग्दर्शकाला नाही. शेवटी कॅमेरा रक्ताची पावले उमटवीत जाणाऱ्या लेकरासोबत राहतो.

आपल्यासाठी हा केवळ रसास्वादाचा प्रश्न नव्हे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. अशा समाजाने मारेकऱ्याच्या रुबाबाला टाळी देण्यापूर्वी विचार करावयास हवा. खुनी नायक असू नये, असे आमचे म्हणणे नाही. तसे असते तर अंगुलिमालालाही वगळावे लागेल. तो थांबतो काय, आपल्या भूतकाळाविषयी खरे बोलतो काय आणि ओस पडलेले घर कथेत उरते काय, एवढे मात्र पाहावे. संकासुरावर हसणाऱ्या आचऱ्याच्या प्रेक्षकाला मरणाऱ्याकडे पाहण्याची सवय आहेच. ती त्याने मोडू नये.