सोळा मिनिटांचा खटला
ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘चार शहर एक कहानी’ हा जेमतेम सोळा मिनिटांचा अनुबोधपट. मुंबईच्या वेश्यावस्तीतील दृश्यांमुळे सेन्सॉर मंडळाने त्याला ‘यू’ नाकारले. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा सरकार विनाकट ‘यू’ द्यायला तयार झाले. दुसरा कुणी पेढे वाटत घरी गेला असता! अब्बासांनी अर्ज दुरुस्त करून पूर्वपरीक्षणालाच आव्हान दिले. १९७० साली सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने ते वैध ठरवले. निकालाचा आम्ही आदर करतो. पटत मात्र नाही. प्रेक्षकाचे वय सांगणे हे वर्गीकरण, कात्री चालवणे ही सेन्सॉरशिपच. १९८३ मध्ये मंडळाच्या नावात ‘प्रमाणन’ आले, कात्री राहिली. २०२१ मध्ये अपील न्यायाधिकरणही गेले. आता छोट्या निर्मात्याने थेट उच्च न्यायालय गाठायचे, तेही पदरमोड करून.