कवटीतला रेडिओ आणि वेशीवरचा येसकर

कर्ट व्हॉनेगट या अमेरिकन लेखकाची 'द सायरन्स ऑफ टायटन' ही कादंबरी १९५९ साली आली. तिच्यात मंगळावर एक फौज आहे. फौजेतल्या शिपायांच्या कवटीत ऑपरेशन करून अँटेना बसवलेली आहे. हातात रेडिओ नको, कानाला भोंगा नको. हुकूम थेट डोक्यात ऐकू येतो. संचलनाचा ताशासुद्धा डोक्यातच वाजतो, मैदानावर वाजवणारा कुणी नसतो. शिपाई जास्त विचार करायला लागला, जुनं काही आठवायला लागला, की त्याच अँटेनातून कळ येते. माणूस कळवळतो आणि पुढच्या खेपेला आठवायचंच सोडून देतो.

पांढरपेशा वाचक हे वाचून म्हणेल, वा, काय कल्पनाशक्ती! बिनयंत्राचा रेडिओ! मी मुरबाड तालुक्यातल्या धसईत बसून ही कादंबरी वाचतो तेव्हा मला यात नवल वाटत नाही. बिनयंत्राचा रेडिओ आपल्या गावांनी पिढ्यान् पिढ्या वापरलाय. तो रेडिओ म्हणजे महाराचं शरीर.

सांगायचं पाटलानं, तलाठ्यानं, मामलेदारानं. ओरडत फिरायचं महारानं. दवंडी त्याची नव्हे, दवंडीतला एक शब्द त्याचा नव्हे, घसा तेवढा त्याचा. गावात कुणी मेलं की मर्तिकाचा सांगावा घेऊन परगावी पळायचं तेही त्यानंच, ऊन असो की पाऊस. तारायंत्र नव्हतं तिथं त्याचे पाय म्हणजे तार. आणि गंमत बघा. त्याचा आवाज घराघरांत शिरायचा, चुलीपर्यंत जायचा. तो स्वतः मात्र उंबऱ्याबाहेर. आवाज चालतो, सावली चालत नाही! व्हॉनेगटच्या शिपायाच्या डोक्यात हुकूम शिरतो, येसकराच्या तोंडातून हुकूम निघतो. एवढाच फरक. दोघांचं शरीर दुसऱ्याच्या कामाची वायर झालेलं आहे.

ही वायर तोडायला बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदे कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं होतं. प्रत्यक्षात कनिष्ठ गाववतनं नष्ट करणारा कायदा १९५८ चा, आणि त्याचा अंमल सुरू झाला १ ऑगस्ट १९५९ पासून. म्हणजे ज्या साली अमेरिकेत ही कादंबरी छापली गेली, त्याच साली इथला येसकर कायद्यानं सुटला. तिकडं जी भविष्याची कल्पना होती, ती इकडं आमच्या आज्याची नोकरी होती.

कानाचं म्हणाल तर आपला इतिहास त्याहून जुना आहे. गौतम धर्मसूत्रात नियम आहे : शूद्रानं मुद्दाम वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेल्या शिशा-कथलाचा रस नि लाख ओतावी. बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते' या ग्रंथात असले नियम एकेक करून मांडले. व्हॉनेगटची मंगळावरची फौज हुकूम ऐकवण्यासाठी शरीरात धातू घालते. आपल्या ऋषींनी ऐकू येऊ नये म्हणून धातू घालायचा नियम लिहून ठेवला. ज्ञान ऐकायचं नाही, हुकूम तेवढा ऐकायचा! दोन्ही बाजूंनी कान बंदोबस्तात.

आता कादंबरीतली मला सर्वात महत्त्वाची वाटलेली गोष्ट सांगतो. मंगळावरच्या फौजेत वर्दीवर फीत लावलेले अधिकारी आहेत, पण खरे मालक ते नाहीत. त्या अधिकाऱ्यांनाही हुकूमच मिळतात. खरे मालक साध्या शिपायांत मिसळून राहतात. नायकाचं नाव उंक. त्याचा जोडीदार बोआझ हाही दिसायला साधा शिपाई. पण सगळ्यांना कळ देणारी पेटी या बोआझच्या खिशात असते. मित्रांनो, हे चित्र ओळखीचं वाटतं की नाही? कायद्यानं आपण सगळे एका वर्दीत आलो. होस्टेलात एका खोलीत, ऑफिसात एका टेबलाला. 'आम्ही जातबीत मानत नाही बुवा' म्हणणाराच हळूच आडनाव विचारतो, गाव विचारतो, मग गावात घर कुठल्या बाजूला ते विचारतो. कळ बरोबर जिथं बसायची तिथं बसते. पेटी कुणाच्या खिशात आहे ते दिसत नाही, म्हणून पेटीच नाही असं म्हणायचं का?

इथपर्यंत व्हॉनेगट आपला आहे. इथून पुढं मात्र माझं त्याच्याशी भांडण आहे. त्याचा उंक मूळचा कोण? अमेरिकेतला सगळ्यात श्रीमंत माणूस. वरून खाली पडलेल्याचं दुःख तो लिहितो, जन्मल्यापासून खालीच दाबलेल्याचं त्याला ठाऊक नाही. आणि शेवटी कादंबरी सांगते काय? तर माणसाचा सगळा इतिहास कुठल्याशा दूरच्या ग्रहवासीयांनी आपल्या यानाचा एक सुटा भाग पोचवण्यासाठी घडवून आणला. वाचक हसतो. पण या हसण्यात गुन्हेगार सुटतो. आपल्या शरीरातून वायर ओढणारे परग्रहावरून आले नव्हते. त्यांनी सूत्रं लिहिली, स्मृती लिहिल्या, वतनाच्या नोंदी ठेवल्या. त्यांच्या सह्या कागदावर आहेत. आपल्याला हा विनोद परवडणार नाही.

दोन वर्षांनी, १९६१ साली, त्याच लेखकानं 'हॅरिसन बर्जरॉन' ही छोटी कथा लिहिली. ही नीट ध्यानात ठेवा, कारण आज ना उद्या कुणीतरी ती तुमच्या तोंडावर फेकणार आहे. साल २०८१. घटनादुरुस्त्या करून अमेरिकेत सगळ्यांना समान केलंय. देखण्यांना मुखवटे, बळकटांच्या अंगावर वजनं आणि बुद्धिमानांच्या कानात सरकारी रेडिओ. दर वीसेक सेकंदांनी त्यातून कर्कश आवाज येतो आणि डोक्यातला विचार फुटून जातो. कायद्यानं हा रेडिओ काढता येत नाही.

समतेच्या वैऱ्यांना ही कथा फार प्रिय. २००१ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात केसी मार्टिन या गोल्फ खेळाडूचा दावा होता. पाय अधू, म्हणून खेळताना चालण्याऐवजी गाडी वापरू द्या, एवढीच मागणी. कोर्टानं ती मान्य केली. न्यायमूर्ती स्कालिया यांनी विरोधी निकाल लिहिला आणि शेवटी याच कथेचा टोला हाणला. एका लंगड्या माणसानं गाडी मागितली तर म्हणे जगबुडी आली! २००५ साली कॅन्सासमध्ये शाळांना सारखा पैसा द्यावा या दाव्यातही ही कथा पुढं केली गेली, तेव्हा खुद्द व्हॉनेगटलाच सांगावं लागलं की माझी कथा त्याबद्दल नाही.

आपल्याकडंही सूर तोच. २००६ साली उच्च शिक्षणातल्या ओबीसी आरक्षणाविरुद्ध दिल्लीत डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांनी निषेध म्हणून रस्ते झाडले. झाडू मारणं ही त्यांच्या लेखी एक दिवसाची विटंबना. ज्यांच्या सात पिढ्यांनी तेच केलं त्यांचं काय? आणि त्या चळवळीतल्या संघटनेचं नाव काय, तर 'यूथ फॉर इक्वॅलिटी'. म्हणजे समता! त्यांचं म्हणणं, आरक्षण हे हुशारांच्या गळ्यात बांधलेलं वजन. मी म्हणतो कथा उलटी करून वाचा. दर वीस सेकंदांनी कर्कश आवाज कुणाच्या कानात वाजतो? वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या आपल्या पोराच्या. 'कोट्यातला दिसतोय.' विचार फुटला. 'फी माफ ना तुम्हाला?' पुन्हा फुटला. 'तुमचं बरंय बाबा.' पुन्हा. हा आवाज इतकी वर्षं वाजलाय की आता बाहेर कुणी बोललं नाही तरी आत वाजतो. आपल्याला जमणार नाय, आपण मागंच बसावं. खरं रोपण ते हेच. जात हाच तो कानातला रेडिओ, आणि आरक्षण हे तो काढायच्या ऑपरेशनातलं एक हत्यार. हत्यारालाच रोग म्हणणारे वैद्य कसले?

या कथेला उत्तर ती लिहिली जाण्याच्या सात वर्षं आधी दिलं गेलं होतं, तेही रेडिओवरून. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेब आकाशवाणीवर आपल्या जीवनाच्या तत्त्वज्ञानावर बोलले. बेसुमार स्वातंत्र्य समतेला मारतं आणि सर्वंकष समता स्वातंत्र्याला जागा ठेवत नाही, हे त्यांनी तिथंच सांगितलं. कायदा लागतो, पण पहारेकरी म्हणून. खरी हमी बंधुत्वाची. आणि ही तीन तत्त्वं आपण फ्रेंच क्रांतीकडून उसनी आणली नाहीत, बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, हेही त्यांनी बजावलं. म्हणजे समता म्हणजे सगळ्यांच्या कानात खडखडाट, हा आरोप आंबेडकरवादाला लागूच पडत नाही. ज्या जातीला गावानं दुसऱ्याची दवंडी देण्यापुरतंच तोंड ठेवलं होतं, त्या जातीतला माणूस माइकसमोर बसून स्वतःचं वाक्य बोलला. मला त्या भाषणात हे सर्वात मोठं वाटतं.

मग आपण यंत्राच्या विरुद्ध आहोत का? मुळीच नाही. कानातलं खरं रोपण आज आहे, त्याला कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात. कानामागं लावलेला बाहेरचा भाग आवाज पकडतो, कातडीपलीकडं रेडिओलहरींनीच आत पाठवतो, आणि आतली तार थेट नसेला संदेश देते. जन्मतः न ऐकू येणारं मूल त्यानं ऐकायला लागतं. पण त्याचा बाहेरचा भाग काढून ठेवता येतो. थकलं की मूल तो काढतं आणि शांत बसतं. बंद करायची चावी ज्याच्या अंगात यंत्र आहे त्याच्याच हातात. व्हॉनेगटच्या शिपायाला नेमकी हीच चावी नाही.

कुठलंही यंत्र आलं की आपण दोन सवाल टाकायचे : माइकवर कोण? आणि चावी कुणाकडं? आमच्या धसईचंच घ्या. डिसेंबर २०१६ मध्ये ती राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झाली. दुकानांत कार्डाची यंत्रं आली, मंत्री आले, फोटो निघाले. पण यंत्र ठेवायला दुकान लागतं, दुकानाला खातं लागतं, खात्यात पैसे लागतात. रानातली करवंदं पाटीत घेऊन रस्त्याकडेला बसणाऱ्या कातकरी बाईनं ते कुठं ठेवायचं? 'आता पैसा हातात धरायला नको' हे वाक्य ज्याच्या हातात पैसा आहे त्यालाच शोभतं.

आणि आपल्या घरातही बघू. पुढाऱ्याचा आवाज भोंग्यातून डोक्यात शिरला की आपण टाळ्या वाजवतो, विचार बंद. राजकारणातली भक्ती हा हुकूमशाहीचा रस्ता आहे, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत दिला होता. निळा झेंडा हातात असला म्हणून खिशात पेटी नसेलच, असं नाही. तपासून घ्या.

शेवटचं. उंकला वरून हुकूम येतो आणि खांबाला बांधलेल्या एका माणसाचा तो गळा दाबतो. तो माणूस त्याचा जिवलग मित्र स्टोनी असतो, पण उंकची आठवणच पुसलेली. मरता मरता स्टोनी त्याला एका निळ्या दगडाचा पत्ता सांगतो. दगडाखाली एक लांबलचक पत्र सापडतं. फौज कशी चालते, पेटी काय असते, सगळं त्यात लिहिलेलं. सही बघतो तर स्वतःचीच. आठवण पुसली जाण्याआधी कळा सोसत त्यानंच ते लिहून ठेवलं होतं.

दलित साहित्याचं काम मला या पत्रासारखं वाटतं. म्हणून माझं मागणं असं : आत्मकथनं लिहिलीत, कविता लिहिल्यात, आता विज्ञानकथाही लिहा. ती प्रयोगशाळेतल्या साहेबांची मिरासदारी नाही. येसकराच्या पणतूच्या कानात उद्या काय बसवलं जाईल, हे त्या पणतूनंच लिहायला पाहिजे. पुढच्या अंकासाठी पाठवा. अक्षर वेडंवाकडं असलं तरी चालेल, स्टेन्सिल आम्ही कापू.

जय भीम.