पडद्यावरचा शब्द आणि त्याचा वाचक

पडद्यावर भरत असलेला अर्ज मध्येच अडला, की आपल्या ज्येष्ठ सभासदांपैकी अनेकांच्या तोंडून एकच वाक्य निघते: 'आता हे आपल्याला जमायचे नाही.' अर्ज रचणाऱ्याचेच काही चुकले असेल, ही शंका मनाला शिवत नाही. ही समजूत खोडून काढणारे विपुल लेखन गेल्या साडेतीन दशकांत इंग्रजीत झाले आहे. 'यूझर एक्स्पीरियन्स', म्हणजे वस्तू वापरणाऱ्याला येणारा अनुभव, आणि 'कंटेंट स्ट्रॅटेजी', म्हणजे मजकुराचे नियोजन, ही त्याची दोन अंगे. त्यांतील चार निवडक ग्रंथांचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे. हे ग्रंथ व्यवसायातील मंडळींसाठी लिहिले गेले हे खरे. तथापि शब्दाला ते कोणते स्थान देतात, ही साहित्यप्रेमी वाचकाची कसोटी त्यांना लावून पाहणे आम्हाला अगत्याचे वाटते.

पहिला मान अर्थातच डोनाल्ड नॉर्मन यांच्या 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज'चा. १९८८ साली तो 'द सायकॉलॉजी ऑफ एव्हरीडे थिंग्ज' या नावाने निघाला. पुढे नाव बदलले आणि २०१३ साली सुधारून वाढवलेली आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्याच्या मुखपृष्ठावरील किटली प्रसिद्ध आहे. झाक कारेलमान या फ्रेंच कलावंताने कल्पिलेल्या या किटलीची मूठ आणि तोटी एकाच बाजूला आहेत. ओतणाऱ्याचाच हात भाजावा! ढकलायच्या दाराला ओढण्याजोगी मूठ बसवली, तर ते ओढणारा माणूस मूर्ख ठरत नाही, असे नॉर्मन बजावतात. १९७९ साली अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला, तेव्हा दोष तेथील कर्मचाऱ्यांच्या माथी मारण्यात आला. नियंत्रणकक्षाची मांडणीच चुकांना निमंत्रण देणारी होती, हे त्या चौकशीला साहाय्य करताना नॉर्मन यांना दिसून आले.

'माझेच चुकले' या भावनेतून सुटका करणारा हा ग्रंथ आहे. मात्र शब्दाविषयी त्यांची भूमिका काहीशी संशयाची. साध्या दाराला 'ढकला' अशी पाटी लावावी लागणे, हे त्यांच्या लेखी रचना फसल्याचे लक्षण होय. दाराच्या बाबतीत हे कबूल. पण बँकेचा अर्ज, रेल्वेचे आरक्षण, विम्याच्या अटी ही दारे शब्दांचीच बनलेली असतात. तेथे नॉर्मन यांचे बोट धरून फार पुढे जाता येत नाही.

स्टीव्ह क्रुग यांचा 'डोंट मेक मी थिंक' २००० साली आला. तिसरी आवृत्ती २०१४ची. एका विमानप्रवासात वाचून व्हावा असा तो मुद्दाम आटोपशीर ठेवला आहे आणि शैली मोठी प्रसन्न आहे. लोक पडद्यावरचे पान वाचत नाहीत, नुसती नजर फिरवतात. उत्तम पर्याय शोधत बसत नाहीत, चालण्याजोगा पहिला पर्याय उचलतात, हे त्यांचे निरीक्षण. म्हणून पानावरील निम्मे शब्द काढा आणि उरलेल्यांतलेही निम्मे काढा, असा त्यांचा सल्ला आहे. संक्षेपाचा हा धडा त्यांनी स्ट्रंक आणि व्हाइट यांच्या लेखनशैलीविषयक पुस्तिकेतून घेतला आहे.

येथे आमचा मतभेद आहे. स्वागताची पोकळ वाक्ये आणि कोणी न वाचणाऱ्या सूचना खुशाल काढाव्यात. बातमी वा अहवाल समोर आला की लोक वाचतात, हेही क्रुग यांनी नोंदवले आहे. परंतु त्यांचे शीर्षक घोषवाक्य म्हणून उचलणाऱ्यांना हा विवेक राहिलेला नाही. विचार न करता पुढे जाणारा ग्राहक काही व्यापाऱ्यांना हवाच असतो. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली अशा फसव्या मांडणीला 'डार्क पॅटर्न' हे नाव दिले, आणि भारत सरकारलाही नोव्हेंबर २०२३मध्ये तिचे तेरा प्रकार सांगून त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली. सौजन्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिणाऱ्या क्रुग यांच्यावर हा ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. तरीही वाचकाला कोठे थांबवावे आणि विचार करावयास लावावे, याचे उत्तर त्यांच्याकडे अपुरे आहे.

ते उत्तर मजकुराच्या नियोजनावरील लेखनात सापडू लागते. क्रिस्टिना हॅल्व्हर्सन यांचा 'कंटेंट स्ट्रॅटेजी फॉर द वेब' २००९ साली निघाला. २०१२च्या दुसऱ्या आवृत्तीत मेलिसा राक सहलेखिका आहेत. सिसेरोच्या लॅटिन लेखनाची मोडतोड करून बनवलेला 'लोरेम इप्सम' हा निरर्थक मजकूर भरून पान आखायचे आणि खरे शब्द शेवटी कोणाकडून तरी लिहवून घ्यायचे, अशी या व्यवसायाची रीत. शब्द म्हणजे मागाहून भरायचा भुसा, या वृत्तीवर हॅल्व्हर्सन यांनी नेमके बोट ठेवले. आधी असलेल्या मजकुराची यादी करा. मग कोण लिहील, कोण तपासील, जुने झालेले कोण काढील हे ठरवा, असा त्यांचा क्रम आहे. त्यांची भाषा मात्र कचेरीतील बैठकीची आहे. वाचक त्यांना बहुधा ग्राहकाच्याच रूपात भेटतो.

एरिन किसेन यांचे २०११चे छोटेखानी पुस्तक 'द एलेमेंट्स ऑफ कंटेंट स्ट्रॅटेजी' आम्हाला अधिक जवळचे वाटले. या नव्या विद्येची मुळे त्या जुन्या व्यवसायांत शोधतात: संपादक, संग्रहपाल, माहितीशास्त्रज्ञ आणि विक्रीतज्ज्ञ. संपादकाला त्यांनी दिलेले स्थान पाहून कोणत्याही नियतकालिकाच्या वाचकाला समाधान वाटावे.

या चारही ग्रंथांत एक उणीव आहे. ज्याच्या घरात एक भाषा, शेजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी, असा आपल्यासारखा वाचक त्यांच्यासमोर मुख्यत्वे नाही. बडोद्याला मात्र हा प्रश्न जुना आहे. १९१०मध्ये सयाजीरावांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास बोलावून राज्यातील ग्रंथालयांची घडी बसवली आणि पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी जाऊ लागली. १९३१ साली निघालेल्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु'त राज्यकारभारातील संज्ञांना अनेक भाषांतील प्रतिशब्द दिले गेले. सामान्य माणसापर्यंत पुस्तक कसे पोहोचावे, राज्याने त्याच्याशी कोणत्या शब्दांत बोलावे, याची ही चिंता आजच्या विषयाहून वेगळी नाही.

आजच्या पडद्यावरील मराठीत ती चिंता क्वचितच दिसते. 'वैध क्रमांक प्रविष्ट करा' या वाक्यात व्याकरणाचा दोष नाही. पण 'मोबाइलचा दहा अंकी क्रमांक लिहा' असे म्हटले असते तर कोणी अडखळले नसते. 'आरक्षण रद्द करायचे का?' या प्रश्नाखाली 'रद्द करा' आणि 'ठीक आहे' अशी दोन बटणे असली, तर वाचकाने कोणते दाबावे? इंग्रजी रचना पूर्ण झाल्यावर मराठी शब्द खाचांत बसवले, की असे होते. हॅल्व्हर्सन यांचा आक्षेप येथे दुपटीने लागू पडतो.

अडलेल्या अर्जापुढे स्वतःला दोष देणाऱ्यांनी नॉर्मन वाचावा. संस्थेचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांनी हॅल्व्हर्सन, आणि लेखणीला लगाम हवा असणाऱ्यांनी क्रुग. साहित्याच्या वाचकाने आरंभ किसेन यांच्यापासून करावा. मराठी अर्ज, पावत्या आणि सूचना समोर ठेवून असेच विवेचन आपल्या भाषेत विस्ताराने व्हावयास हवे. दोन-तीन भाषांत वावरण्याची पिढीजात सवय असलेल्या आपल्या कुटुंबांतील तरुणांनी ते काम अंगावर घ्यावे, ही आमची अपेक्षा आहे.