लाल मण्याचा धडा

आरोग्यशिक्षण म्हटले की भिंतीवरची घोषवाक्ये डोळ्यांपुढे येतात. ती वाचून नेमके काय करायचे, हे मात्र कळत नाही. म्हणूनच गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बनवलेला श्वासमापक आम्हांला उत्तम शैक्षणिक साधन वाटतो. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. तान्ह्या बाळासाठी ६० श्वासांची मर्यादा मण्यांतच बसवलेली असल्याने दहापर्यंत मोजता येणाऱ्यालाही निदान जमते.

पण येथे एक सावधगिरी हवी. याच संस्थेच्या १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या प्रयोगात, तुलनेच्या गावांच्या मानाने ३९ गावांतील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. हे यश केवळ ‘प्रबोधना’चे म्हणणे चूक आहे. मातांना शिकवणे होतेच. शिवाय प्रशिक्षित आरोग्यदूत घरी येत होत्या, जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शन देत होत्या. शिक्षणाचा वाटा किती आणि औषधाचा किती, हे या आकड्यावरून वेगळे काढता येत नाही. उपाय हाताशी नसेल, तर लक्षण ओळखून आई फक्त घाबरेल.

आपल्या धड्याखाली ‘न्यूमोनियाची लक्षणे लिहा’ असा प्रश्न असतो. त्याऐवजी ‘झोपलेल्या बाळाचे श्वास मिनिटभर मोजा, ते जास्त भरले, तर रात्री त्याला कोठे न्याल?’ असे विचारून पाहावे.