हुंकार देणारे यंत्र

दिवाळी अंकात परीक्षण यावयाचे ते एखाद्या नाटकाचे, कादंबरीचे, फार तर कवितासंग्रहाचे, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. येथे ज्या संहितेचे परीक्षण करावयाचे आहे ती मात्र कोणत्याच रंगमंचावर आलेली नाही. तिच्यात पात्र एकच, आणि तेही यंत्र. दुसरे पात्र म्हणजे जो कोणी त्या यंत्रापुढे येऊन बसेल तो! तरीही ती संवादाचीच संहिता आहे. आणि संवाद आला की तो चांगला की वाईट, खरा की खोटा, हे विचारण्याचा समीक्षकाला अधिकार पोचतो.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत प्राध्यापक जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६४ ते १९६६ या काळात ‘एलायझा’ नावाची एक संगणक-रचना सिद्ध केली आणि जानेवारी १९६६ मध्ये तिची हकीकत प्रसिद्ध केली. एलायझा ही नुसती नटी. तिने काय बोलावे हे निराळ्या संहितेत लिहून द्यावयाचे. अशा संहितांपैकी गाजली ती ‘डॉक्टर’ ही. माणसाने टंकयंत्रावर आपले दुःख लिहावे आणि त्याच कागदावर मनोवैद्याचे उत्तर खडखडत उमटावे, असा हा प्रयोग.

या नटीला समोरच्याच्या बोलण्याचा अर्थ मुळीच कळत नाही. तिच्यापाशी खुणेच्या शब्दांची एक यादी असते. आलेल्या वाक्यात त्यांतला एखादा शब्द सापडतो का, एवढेच ती पाहते. दोन सापडले तर ज्याचा मान मोठा तो आधी. ‘स्वप्न’ या शब्दाला तीनच गुण आहेत, तर ‘संगणक’ या शब्दाला पन्नास! शब्द सापडला की वाक्याचे तुकडे करावयाचे, ‘माझे’च्या जागी ‘तुमचे’ घालावयाचे, आणि तो तुकडा तयार साच्यात बसवून परत करावयाचा. साचेही पाळीपाळीने वापरावयाचे, म्हणजे तेच उत्तर लागोपाठ येत नाही. कोणी लिहिले, ‘माझा भाऊ माझ्याशी बोलत नाही,’ की ती घरच्या मंडळींविषयी आणखी सांगावयास सुचविते. खुणेचा शब्द एकही आढळला नाही तर नुसते ‘बरे, पुढे सांगा’ अशा अर्थाचे काही म्हणते. किंवा मघाशी ‘माझे’ म्हणून जे वाक्य आले होते आणि तिने बाजूला ठेवून दिले होते, ते काढून त्याचा याच्याशी काही संबंध आहे काय, असे विचारते. समोरचा चकित होतो. त्याला वाटते, याने ते लक्षात ठेवले!

लेखक या नात्याने वायझेनबाउम यांचे खरे कौशल्य या कारागिरीत नाही, भूमिकेच्या निवडीत आहे. कार्ल रॉजर्स यांच्या पद्धतीचा मनोवैद्य स्वतःचे मत देत नाही. रोग्याचेच शब्द त्याच्यापुढे धरतो. ‘काल मी पंढरपूरला गेलो होतो,’ असे आपण म्हणालो आणि एस. टी. च्या कंडक्टरने ‘पंढरपूरविषयी मला सांगा’ असे म्हटले, तर आपण त्याच्याकडे बघतच राहू. तोच प्रश्न मनोवैद्याने केला तर आपल्याला वाटते, यात काही खोल हेतू असला पाहिजे. अज्ञान हेच ज्याचे भूषण ठरते असे पात्र निवडावे आणि मग त्याला खरोखरच अज्ञानी ठेवावे, ही काटकसर एखाद्या मुरलेल्या नाटककाराला शोभण्यासारखी आहे.

हीच संहिता मराठीत आणावयाची म्हटली, तर तिचे बिंग लवकर फुटेल. इंग्रजीत ‘मी’चा ‘तुम्ही’ केला तरी पुढचे क्रियापद बहुधा तसेच राहते. मराठीत ‘मी जातो’चे ‘तुम्ही जाता’ करावे लागते, आणि बोलणारी बाई असेल तर मुळात ‘जाते’ असते. इंग्रजीत ‘ब्रदर’ हा शब्द वाक्यात कोठेही ओळखू येतो. आपला ‘भाऊ’ मात्र भावाला, भावाने, भावाशी असे रूप पालटीत हिंडतो. यादीतला एकटा ‘भाऊ’ त्याला कसा पकडणार? शिवाय डॉक्टरांनी तू म्हणावे, तुम्ही म्हणावे की आपण? वय, नाते, मान हे ठरल्यावाचून मराठीत दुसऱ्याला उद्देशून धड एक वाक्य बोलता येत नाही. समोर कोण आहे, हा प्रश्न आपली भाषा आधी विचारते. त्या संहितेने तो कधीच विचारलेला नाही.

येथे संहितेचे परीक्षण संपून तिच्या प्रेक्षकांचे सुरू होते. वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने हे यंत्र घडत असताना कित्येक महिने पाहिले होते. तरी त्याच्याशी दोनचार वाक्ये बोलताच तिने प्राध्यापकांना खोलीबाहेर जावयास सांगितले. ते अस्वस्थ झाले. पुढे १९७६ साली ‘कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन’ या ग्रंथात त्यांनी हा प्रसंग नोंदविला आणि साध्या माणसांना इतक्या थोडक्या वेळात एवढा भ्रम होऊ शकतो याबद्दल खेद व्यक्त केला.

या एका निर्णयाशी आमचा मतभेद आहे. ती बाई फसली असे आम्हाला वाटत नाही. रोजनिशी लिहिताना माणूस दार लोटून घेतो. म्हणून वहीला कान आहेत असे तो समजतो काय? ती स्वतःशीच बोलत होती, आणि त्याला एक निमित्त हवे होते. आपल्याकडे रात्री गोष्ट सांगणारी आजी नातवाला हुंकार द्यावयास लावते. त्या ‘हूं’मध्ये अर्थ नसतो, पण गोष्ट त्यावरच चालते. ‘डॉक्टर’ हे हुंकार देणारे यंत्र होते, आणि तेवढ्यापुरते ते प्रामाणिक होते.

अप्रामाणिकपणा सुरू झाला तो दुसरीकडे. केनेथ कोल्बी या मनोविकारतज्ज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ सालीच असे सुचविले होते की, अशा यंत्राकडून तासाला काहीशे रोगी हाताळता येतील. वहीला वही म्हणून वापरणे निराळे आणि तिला वैद्याच्या खुर्चीत बसवून रोग्यांची रांग लावणे निराळे. याविरुद्ध वायझेनबाउम यांनी २००८ साली मृत्यू येईपर्यंत जो आवाज उठविला, तो यथायोग्य होता. दोष बोलणाऱ्याच्या भाबडेपणात नाही; हुंकाराला ऐकणे म्हणून खपविणाऱ्याच्या व्यवहारात आहे.

या संहितेतले खरे वैगुण्य तिच्या नावातच दिसून येते. एलायझा हे नाव बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधले. पु. ल. देशपांडे यांनी त्या नाटकाला मराठी रूप दिले ते १९७५ च्या ‘ती फुलराणी’त. शिकवू तसे बोलू लागते, एवढ्या साम्यावरून प्राध्यापकांनी हे नाव ठेवले. परंतु नाटकातली एलायझा नुसते बोलावयास शिकत नाही. शिकून झाल्यावर ती गुरूलाच विचारते, आता माझे काय? नाटक रंगते ते तेथून. यंत्रातली एलायझा हजार माणसांची दुःखे ऐकूनही पहिल्या वाक्याला होती तशीच राहते. ऐकलेल्या गोष्टीने जो तिळभरही बदलत नाही त्याने ती ऐकली असे कसे म्हणावे?

मूळ संहितेचे हरवलेले कागद २०२१ साली त्याच संस्थेच्या दप्तरखान्यात सापडले आणि डिसेंबर २०२४ मध्ये जाणकारांनी ती नटी पुन्हा बोलती केली. मधल्या काळात, २०२२ च्या अखेरीपासून, घरोघरच्या फोनवर तिची फार हुशार भावंडे आली आहेत. त्यांना हाताने लिहिलेली खुणेच्या शब्दांची यादी लागत नाही. अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द यावा हे ती शिकलेली असतात, आणि ‘भावाने’ व ‘भावाशी’ त्यांना अडवीत नाहीत. त्यांची उत्तरे ‘डॉक्टर’च्या उत्तरांपेक्षा कितीतरी सरस आहेत हे मान्य केलेच पाहिजे. पण उत्तर सरस असणे आणि ऐकणे खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या जुन्या ओबडधोबड संहितेवरून जितके स्वच्छ कळते तितके नव्या गुळगुळीत उत्तरांवरून कळत नाही. तिचे वाङ्मयीन मोल हेच.

गोष्ट ऐकणारा नातू मध्येच पेंगतो, त्याचा हुंकार थांबतो आणि आजी त्याच्या अंगावर पांघरूण घालते. यंत्राचा हुंकार कधीच थांबत नाही. कारण ते मुळी जागेच नसते.