वॉरिस्टनची रोजनिशी व तिचें प्रामाण्य

स्कॉटलंडचा न्यायाधीश व मुत्सद्दी सर आर्चिबाल्ड जॉन्स्टन, म्हणजेच लॉर्ड वॉरिस्टन, याची रोजनिशी स्कॉटिश हिस्टरी सोसायटीनें तीन खंडांत छापली आहे. पहिला खंड जॉर्ज मॉरिसन पॉल यांनीं १९११ सालीं, दुसरा डेव्हिड हे फ्लेमिंग यांनीं १९१९ सालीं व तिसरा जेम्स ओगिल्व्ही यांनीं १९४० सालीं संपादिला. तत्पूर्वीं १८९६ सालीं १६३९ मधील कांहीं आठवड्यांचा एक तुटक भागही प्रसिद्ध झाला होता. चरित्रनायकाच्या इतकें निकटचें साधन चरित्रकारास क्वचितच लाभतें. परंतु साधन निकटचें असलें म्हणजे तें सर्वच बाबतींत प्रमाण ठरतें असें नाहीं. वॉरिस्टनविषयीं लिहिणारांच्या हातून हा विवेक वारंवार सुटलेला दिसतो; म्हणून हा लेखनप्रपंच.

चरित्राची रूपरेषा थोडक्यांत अशी. जॉन्स्टन १६११ सालीं एडिंबरो येथील एका व्यापाऱ्याच्या घरीं जन्मला व १६३३ मध्यें वकील झाला. पहिल्या चार्ल्स राजानें १६३७ सालीं स्कॉटलंडच्या चर्चवर नवी प्रार्थनापोथी लादली. त्यावर उठलेल्या विरोधांतून १६३८ च्या फेब्रुवारींत 'राष्ट्रीय करारनामा' निघाला. त्याचा मसुदा अलेक्झांडर हेंडरसन हा धर्मोपदेशक व जॉन्स्टन या उभयतांनीं केला. त्यांत पार्लमेंटच्या जुन्या कायद्यांची जी लांबलचक मालिका आहे ती जॉन्स्टनची कामगिरी होय. १६४१ मध्यें त्याच राजानें त्यास वरिष्ठ न्यायालयाचा न्यायाधीश नेमिलें. १६४६ मध्यें तो लॉर्ड ॲडव्होकेट, म्हणजे मुख्य सरकारी वकील, व १६४९ मध्यें लॉर्ड क्लार्क रजिस्टर, म्हणजे राज्याच्या दप्तराचा मुख्य अधिकारी झाला. देश क्रॉमवेलच्या हातीं गेल्यावर १६५७ मध्यें हेंच पद त्यानें क्रॉमवेलकडून पुन्हां स्वीकारलें. राजसत्ता परत येतांच तो परदेशीं पळाला, फ्रान्सांत रूआं येथें पकडला गेला आणि २२ जुलै १६६३ रोजीं एडिंबरो येथें फांशीं दिला गेला.

या पुरुषाविषयीं दोन पक्ष आहेत. एक त्यास धर्मासाठीं देह ठेवणारा हुतात्मा म्हणतो. दुसरा त्यास धर्मवेडा व पदलोभी ठरवितो. दोन्ही पक्ष पुरावा म्हणून तीच रोजनिशी पुढें करितात, हें विशेष.

पहिली अडचण कालखंडाची. पहिल्या खंडांत १६३२ ते १६३९, दुसऱ्यांत १६५० ते १६५४ व तिसऱ्यांत १६५५ ते १६६० इतका काळ आला आहे. मधल्या सुमारें दहा वर्षांची नोंद यांत नाहीं; आणि त्याची सत्ता शिखरास पोंचली ती याच वर्षांत. न्यायाधीशपद, लंडन येथील उभय राज्यांच्या समितींतील काम, वेस्टमिन्स्टरची धर्मसभा, विरोधकांस अधिकारपदांवरून दूर करणारा १६४९ चा 'वर्गांचा कायदा', हें सर्व या पोकळींत येतें. रोजनिशींत आपणांस दिसतो तो एक तरुण वकील आणि डनबारच्या पराभवानंतरचा खचलेला मुत्सद्दी. या दोन टोकांवरून मधल्या कर्त्या पुरुषाचा स्वभाव रंगविणें म्हणजे त्रुटित पोथींतील गळलेलीं पानें आपल्या कल्पनेनें लिहून काढणें होय. त्या वर्षांसाठीं समित्यांचीं टिपणें, कायद्यांचे मूळ लेख व रॉबर्ट बेली या समकालीनाचीं पत्रें हींच साधनें होत.

दुसरी अडचण ग्रंथाच्या जातीची. ही वही देवाजवळ व स्वतःजवळ केलेलें निवेदन आहे. प्रार्थना, अश्रु, आत्मनिंदा, १६३३ मध्यें वारलेल्या पहिल्या पत्नीचा शोक, ईश्वरेच्छा जाणण्यासाठीं टाकलेल्या चिठ्ठ्या, यांनीं ती भरली आहे. करारनाम्यावर सह्या झाल्या तो दिवस त्यास राज्याच्या ईश्वराशीं झालेल्या विवाहासारखा वाटला. यावरून त्याच्या मनाची अवस्था निश्चित कळते. सही करणाऱ्या इतरांच्या मनांत काय होतें, हें कळत नाहीं. मीमांसकांच्या भाषेंत बोलावयाचें तर येथें अर्थवाद पुष्कळ आहे. त्यास विधिवाक्याचें बळ देतां येत नाहीं.

मात्र १६५७ च्या प्रकरणीं हीच रोजनिशी उत्तम साक्षीदार ठरते, कारण तेथें लिहिणारा स्वतःविरुद्ध बोलतो. पूर्वीं क्रॉमवेलच्या सत्तेस विरोध करणाऱ्यानें तिचीच चाकरी पत्करावी, हें त्यास टोंचत होतें. कर्ज, मोठें कुटुंब आणि ईश्वरी संकेत यांची गुंतागुंत तो लपवीत नाहीं. यास ढोंग म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. पण त्याच्या कबुलीनें दोष धुऊन निघाला, हें मतही आम्हांस मान्य नाहीं. गरजेपुढें त्याचा निश्चय वांकला, इतकें सिद्ध आहे.

आतां दप्तराविषयीं. १६३८ च्या नोव्हेंबरांत ग्लासगो येथें भरलेल्या धर्मसभेनें जॉन्स्टनला आपला चिटणीस निवडलें. पूर्वींच्या सभांचीं बरींचशीं दप्तरें गहाळ होतीं. तीं त्यानें सभेपुढें आणिलीं. समितीनें तपासून तीं अस्सल ठरविलीं, आणि पूर्वसभांच्या ठरावांच्या आधारें बिशपांची सत्ता रद्द झाली. हेतु पक्षाचा असला तरी रीति संशोधकाची होती. तीं मूळ दप्तरें पुढें लंडनला गेलीं व १८३४ सालीं पार्लमेंटच्या इमारतीस लागलेल्या आगींत भस्म झालीं. बॅनटाइन क्लबनें १८३९ ते १८४५ या काळांत त्यांचा मजकूर छापला तो उरलेल्या नकलांवरून. नकलेस कमी लेखणाऱ्या संग्राहकांनीं हें ध्यानांत ठेवावें.

त्याचा भाचा गिल्बर्ट बर्नेट हा पुढें बिशप झाला, म्हणजे विरुद्ध पंथाचा. तोही मामाच्या अचाट उद्योगाची साक्ष देतो, आणि अखेरीस त्याची स्मृति पार गेली होती असें लिहितो. फांशीच्या जागीं वॉरिस्टननें आपलें निवेदन कागदावरून वाचलें.

सिद्धांत इतकाच कीं या रोजनिशीवरून वॉरिस्टनच्या अंतःकरणाचा निवाडा करावा, त्याच्या राजकारणाचा करूं नये. १६३९ ते १६५० मधील एखादी वही कोणा जुन्या घराण्याच्या कपाटांत सांपडल्यास या निर्णयाचा फेरविचार करावा लागेल. तोंपर्यंत चरित्रकारांनीं ती जागा कोरीच ठेवावी.